कोपऱ्यातला खांब

तारापूरच्या बांधकामाचं सामान ठेवायला बोईसर स्टेशनाजवळची गवताची जुनी वखार घ्यायची ठरली, तेव्हा तिचा नकाशा पडताळायला ड्राफ्ट्समन चंद्रभान तिथे गेला. इंग्रजांच्या वेळचा तो नकाशा म्हणजे नुसतं देखणं काम! लोखंड आडवं कापल्यावर जसं दिसेल, तसं हुबेहूब काढलेलं. गर्डर, चॅनेल, अँगल, सगळे त्याच्या ओळखीचे. कोपऱ्यातला खांब तेवढा अनोळखी होता: लांबट वाटोळं आणि मधोमध एक गोल. असलं लोखंड त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

वखारीचा म्हातारा हमाल देवू नकाशावर वाकला. "खांदे नि डोकं, सायेब. उभा मानूस वरनं असाच दिसतो."

चंद्रभान हसला. कोपऱ्यात तर खांबच नव्हता. छपराचा सगळ्यात जड गर्डर तिथे येऊन नुसता अधांतरी थांबला होता, आणि इतक्या वर्षांत केसभरही झुकला नव्हता.

"वा रे कारागीर!" भारावून तो त्या टोकाखाली जाऊन उभा राहिला. टेप वर लावला आणि माप घेताना नेहमी म्हणायचा तसं खणखणीत म्हणाला, "घेतलं!"

देवूचा चेहरा उतरला. "तसं नका बोलू, सायेब! दुसऱ्याचा बोजा आपल्या खांद्यावर आला की आमी 'घेतलं' बोलतो. मंग तो सोडतो."

चंद्रभानच्या कानाशी कुणीतरी हुश्श केलं, आणि त्याचे गुडघे वाकले.