सूत्र

“‘विश्वसनीय सूत्रांनुसार’ असं छापलंय तुम्ही. सूत्र म्हणजे कोण, मॅडम?” खाणमालक बाबर खुर्ची ओढत म्हणाला.

वार्ताहर वृषालीने टेबलावरचं वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं. खाणीत दोन मजूर गाडले गेल्याचं तिला सांगणारा त्याचाच ड्रायव्हर त्याच्या पाठीमागे, दारात उभा होता.

“बातमी देणाऱ्याला आम्ही सूत्र म्हणतो. त्याचं नाव सांगायचं नसतं,” ती टेबलाकडे बघत म्हणाली.

“नका सांगू.” तो हसून उठला.

तिचा जीव भांड्यात पडला आणि नकळत, क्षणभरच, तिची नजर ड्रायव्हरकडे गेली. त्याने झटकन मान खाली घातली.

बाबरने दोघांकडे पाहिलं. दारापाशी जाऊन हात पुढे केला.

“किल्ली दे, भिवा,” तो शांतपणे म्हणाला. “आज गाडी मी चालवतो. तू बाजूला बस.”