हसवणारे आरसे

चौऱ्याहत्तर साली लालासाबनं कोल्हापुरात आपल्या चित्रांचं प्रदर्शन मांडलं. तीन दिवस कुणी फिरकलं नाही. चौथ्या दिवशी त्यानं जत्रेतले वेडेवाकडे आरसे आणून दारात लावले. हसायला गाव लोटलं, पण आत कुणी जाईना.

दुपारी त्याची बायको अमीरबी आली. वारलेल्या लेकीचं चित्र दिसताच "सुगरा, सुगरा" म्हणत खाली बसली आणि हंबरडा फोडून रडू लागली. आरशांपुढची माणसं आत धावली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"बाई झकास रडती की ओ!" एकजण लालासाबला म्हणाला. "उद्याबी हाय का ह्यो खेळ?"

चित्रासमोर पहिल्यांदाच गर्दी जमली होती.

"हाय की," लालासाब म्हणाला. "रोजच हाय."