मोरीतल्या सात वस्तू

मोरीच्या फळीवर सात वस्तू होत्या. सुवासिक वॉशच्या बाटल्या, दोन. जंतुनाशकाची बाटली, एक. लाल साबणाची वडी, तुरटीचा खडा, पावडरचा डबा, आणि कडुलिंबाचा पाला उकळलेल्या पाण्याचा तांब्या. खाली फरशीच्या कडेनं निचऱ्याच्या भोकापर्यंत मुंग्यांची रांग गेली होती. ती श्रुतीनं मोजली नाही. मुंग्या एका जागी थांबत नाहीत.

तिनं साबणाच्या पाण्यात पीएच मोजायची पट्टी बुडवली. पट्टी गडद निळी झाली. दहा.

"आई, हे सगळं वहिनीला कोण लावायला सांगतंय?"

"मी. मग?" शालन दारातनंच म्हणाली. "सातव्या म्हयन्यात पोरगी खाजवत बसती. दह्यावानी पांढरं जातंय. दोनदा डाक्तरच्या गोळ्या झाल्या, आठ दिस बरं, पुन्हा तेच. घाण ऱ्हाती म्हणून हुतंय. मोरीत मुंग्या बघ की! आमच्या येळंला असलं काय न्हवतं."

"होतं. सांगायची सोय नव्हती."

शालनच्या मागं अक्षता खाली मान घालून उभी होती. धुऊन धुऊन तिची कातडी सोलली होती, तरी घरात घाणेरडी तीच. श्रुतीच्या डोक्यात तिडीक गेली. यंदाच ती सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाली होती. ही खाज आणणारी बुरशी तिनं पहिल्या वर्षी साखरेच्या पाण्यात स्वतः वाढवली होती. बुरशीला वाढायला घाण लागत नाही, हे तिला पाठ होतं.

"तिथं शरीराचं आपलं आंबट पाणी असतं, आई. चारच्या आसपास. त्यात राखण करणारे जंतू असतात. तू दहाचा साबण लावून राखणदारच हाकललेस."

"राखणदार म्हनं! आणि आता बी बरं न्हाय झालं तर? मी हिला म्हायेरी, मलकापूरला धाडनार. आईकडनं सवच्छता शिकून येऊ दे."

अक्षताचा चेहरा पडला. मलकापुरात सगळ्या आळीला कळलं असतं, सासूनं पोरगी का परत पाठवली ते.

"तीन आठवडे दे," श्रुती म्हणाली. "माझ्या पद्धतीनं."

साती वस्तू पिशवीत गेल्या. आता फक्त साधं पाणी, तेही बाहेरून, पुढून मागं. आत काही नाही. धुतल्यावर टिपून कोरडं करायचं. सुती चड्ड्या, दिवसातून दोन. त्याही आजवर परकराखाली दडवून वाळत, म्हणजे दमटच राहत. श्रुतीनं त्या गच्चीवर भर उन्हात टाकल्या.

शेजारच्या काकूंनी कठड्यावरून विचारलं, "काय गं, झेंडे लावल्यात व्हय?"

"व्हय. सलामी द्या."

काकू हसत सुटल्या. मग अंगणातल्या अक्षताकडं बघून म्हणाल्या, "पोट बाकी नवव्याचं दिसतंय. पैलवान हाय आत!" त्यावर मात्र शालनही खूश झाली. सोनोग्राफीतही बाळ दोन आठवडे पुढं होतं.

श्रुतीनं वही केली. धुणं, कपडे, खाज, रोजची नोंद. वहीचं शेवटचं पान काकवीच्या हिशेबाचं, तिच्या खास आवडीचं होतं. अक्षताला लोहाच्या गोळ्या सोसत नव्हत्या, म्हणून चौथ्या महिन्यात श्रुतीनंच मैत्रिणीच्या गुऱ्हाळावरून काकवीचा, म्हणजे पातळ गुळाचा, डबा आणला होता. सकाळी चार चमचे, संध्याकाळी चार. एकदाही चुकवलं नव्हतं. रक्त साडेनवावरून साडेदहावर आलं होतं. शास्त्रानं मोजून केलं की असं होतं, असं ती भावाला, प्रसेनजीतला, दोनदा म्हणाली होती.

मधे थांबलेली खाज विसाव्या दिवशी पुन्हा आली.

"बघ तुझं शास्त्र," शालन म्हणाली आणि फळीवरनं अक्षताची बॅग काढली.

"आधी दवाखाना," श्रुती म्हणाली. "मग बॅग."

डॉक्टर तेजस्वीबाईंनी वही पहिल्यापासून वाचली. शेवटचं पान उरलं होतं, तेवढ्यात शालन बोलली, "डाक्तर, ही नीट धूत न्हाय. सांगा हिला."

"हिनं इथून पुढं याहून जास्त धुवायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हे सगळं बरोबर आहे."

श्रुतीनं आईकडं बघितलं. डॉक्टरांनी वही मिटून फाइल उघडली होती.

"साखरेचा रकाना रिकामा कसा?"

"ते ग्लुकोजचं पाणी पिऊन ओकलो की मी," अक्षता म्हणाली. "मग ऱ्हायलंच."

"मॅडम, त्यांच्या घरात कुणाला साखर नाही," श्रुती म्हणाली. "आणि वहिनी तर काडी आहे."

"काड्यांचीही बघते मी. आज सावकाश पाजा. दोन तासांनी रक्त. एकशे चाळीसच्या आत आलं पाहिजे."

बाकावर दोन तास श्रुती आईला सोडत नव्हती. "घाण म्हणालीस. तीन महिने म्हणालीस. भावकीत सांगितलंस. आता तिची माफी माग."

"सासू कुठं माफी मागती व्हय?"

"मग आजपासून मागायला लाग."

अक्षतानं पाण्याची बाटली संपवली, दुसरी भरून आणायला सांगितली, आणि तिसऱ्यांदा बाथरूमला जाऊन आली. शालननं पदराचं टोक पिळलं. मग सुनेकडं न बघता म्हणाली, "चुकलं असंल माझं." अक्षताचे डोळे भरून आले.

रक्त घेऊन झालं. उपाशी जीव, म्हणून श्रुतीनं लगेच बरोबर आणलेला काकवीचा डबा उघडला. झाकणाच्या कडेला दोन मुंग्या होत्या. त्या तिनं फुंकरीनं उडवल्या. भाकरीवर तिनं काकवी ओतली, मोजून चार चमचे, आणि घास मोडून वहिनीच्या हातात दिला.

"खा. तुझं काही चुकलेलं नाही."

तेवढ्यात नर्सनं कागद आणून श्रुतीच्या हातात दिला.

अक्षता प्रसेनजीत कांबळे, वय चोवीस. ग्लुकोजनंतर दोन तास: दोनशे एकोणीस.