पोटभर

खांद्याचं हाड मोडलेली एकोणीस वर्षांची पैलवान शलाका इस्पितळात कण्हत होती. वेदनाशामक देणाऱ्या यंत्राने तिचं वय, लिंग नोंदवून विचारलं, "रोजचं जेवण?"

"पोटभर," शेजारी बसलेले तिचे वस्ताद घाईने म्हणाले.

खरं तर वजनगटासाठी त्यांनीच तिला अकरा दिवस अर्धपोटी ठेवलं होतं. उपाशी तरुण मुलींना सुईतून मिळणाऱ्या या औषधाची चटक लवकर लागते, म्हणून यंत्र अशांना ते देत नसे.

"खोटं आहे," शलाका म्हणाली. "मी उपाशी आहे."

यंत्राने सुई मागे घेतली आणि साधी गोळी पुढे केली.

"अगं, कळ सोसवेल का?"

"सोसेन, वस्ताद. माझ्या ताईसारखी सुईच्या नादी लागणार नाही. आधी मला भाकरी आणून द्या."

वस्ताद मान खाली घालून उठले.