रिवेट सुटला पाहिजे

जोड ओढून तपासणाऱ्या यंत्राचा काटा सहाशे किलोंवर गेला आणि हेनिंगचा गोंद सुटला. एवढं वजन पेलणं म्हणजे गंमत नव्हे. गोंदवाल्यांच्या टोळीने टाळ्या पिटल्या.

“आता रिवेटवाल्यांना येऊ द्या पुढे!” गोंद विभागाचा प्रमुख टोर्बेन ओरडला.

विब्के आपला नमुना घेऊन पुढे आली. उद्या सकाळी नगरपालिकेत तिचं आणि हेनिंगचं लग्न होतं. दोघांनी एकच आडनाव लावायचं हे ठरलं होतं. कोणाचं, ते काही केल्या ठरेना. शेवटी प्रयोगशाळेतल्या रिकामटेकड्यांनी तोडगा काढला. धातूची कांडी कार्बनच्या धाग्यांच्या प्लास्टिक पट्टीत जोडायची, त्याने गोंदाने, तिने तिच्या रिवेटच्या पद्धतीने. ज्याचा जोड जास्त ओढ सोसेल त्याचं आडनाव.

हेनिंगचं आडनाव फारेनक्रोग. तिचं झाउअरबिअर, म्हणजे आंबलेली बिअर. या नावापायी ती शाळेच्या पहिल्याच दिवशी रडत घरी आली होती. पुढे शिकून काय साधलं, तर ‘डॉक्टर आंबलेली बिअर’ झाली. तिला हरायचं होतं, अगदी मनापासून.

हरणं सोपंही होतं. तिची कांडी भोवऱ्यासारखी गरगरत पट्टीत शिरते. घर्षणाच्या उष्णतेने प्लास्टिक वितळतं, कांडीचं टोकही मऊ होऊन आतल्या आत पसरतं आणि गार झालं की रुतून बसतं. फिरवणं जरा लवकर थांबवलं की टोक पसरत नाही, मग उरतो तो नुसता खिळा. काल तिने सवयीने आधी एक पक्का जोड केला, मग भानावर येऊन हा कच्चा केला. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच. पक्का टाकून द्यायचा होता, पण टाकवेना. तो तिच्या कोटाच्या खिशात होता.

तिने कच्चा जोड यंत्रात अडकवला.

हेनिंगची आई लोण्याचा केक घेऊन आली होती आणि सगळ्यांच्या पुढे उभी होती. “आटप गं पोरी,” ती म्हणाली. “हरायला इतका वेळ कशाला लागतो?”

“लागणारच ना, काकू,” टोर्बेन म्हणाला. “रिवेट शोभतात ते विजारीच्या खिशांना. विमानं जोडायची तर गोंदच हवा.”

विब्केने बटणाकडे हात नेला.

“आणि आयुष्यभर खपून हिने काय शोधलं?” टोर्बेनला चेव चढला होता. “तर महागडा खिळा!”

सगळे हसले. हेनिंगही हसला. त्याने हसायला नको होतं.

विब्केने हात मागे घेतला. तिचे कान तापले होते. “चुकीचा नमुना लागलाय,” ती म्हणाली.

“आता बदलायचा नाही हं!” टोर्बेन म्हणाला.

“का रे, घाबरलास?”

“मी? बदल की. हवे तेवढे बदल!”

तिने खिशातला नमुना काढून लावला आणि बटण दाबलं. काटा चारशेवर आला, सहाशे ओलांडून गेला. टोर्बेन पुढे वाकला. आठशे झाले तरी रिवेट जागचा हलेना. शेवटी धाडकन आवाज झाला, हेनिंगच्या आईने केक छातीशी धरला, आणि सगळ्यांनी पाहिलं तर पट्टीबाहेरची कांडीच मध्ये तुटली होती. जोड जिथल्या तिथे.

“बघा!” विब्के दोन्ही मुठी वर करून नाचायला लागली. “खिळा म्हणे! उपटून दाखव हा खिळा, टोर्बेन! ये ना, उपट!”

रिवेटवाल्यांनी आरोळी ठोकली. टोर्बेन काही उपटायला आला नाही. नाचता नाचता विब्केचं हेनिंगकडे लक्ष गेलं आणि तिच्या मुठी हळूहळू खाली आल्या.

“जिंकलीस ना?” हेनिंगच्या आईने विचारलं. “मग रडतेस कशाला?”

“आनंदाने,” विब्के म्हणाली. दुसरं काय सांगणार?

हेनिंग शब्दाचा पक्का. त्याने तिच्या कपाळाचा मुका घेतला, फोन काढला आणि तिथेच उभं राहून नगरपालिकेला लावला.

“हो, उद्याचंच लग्न. आडनाव ठरलं. झाउअरबिअर.” तो थांबला. “झाउअरबिअर. नाही हो बाई, थट्टा कशाला करू?” पुन्हा थांबला. मान लाल झाली. “हो. तीच. आंबलेली.”

पलीकडून हसू इतकं मोठ्याने आलं की टोर्बेनलाही ऐकू गेलं. हेनिंगने फोन कानापासून दूर धरला.

“दे इकडे,” विब्के डोळे पुसत म्हणाली. “तुला जमायला दोन-तीन वर्षं लागतील.”