सोळा नंबरचं म्हणणं

"सोळा नंबर!" चिटणिसांनी पुकारा केला आणि वाळूच्या घड्याळावर हात ठेवला.

कुणी उठलं नाही.

शाळा मंडळाच्या या चिटणिसांना पाठीमागे सगळे वाळूमास्तर म्हणत. सभेत बोलायला येणाऱ्याला तीन मिनिटं. वाळू खाली, माणूस खाली. बारा वर्षांत त्यांनी कुणाला एक कण जास्त दिला नव्हता. अध्यक्षबाईंच्या सख्ख्या भावालाही ऐन वाक्यात बसवलं होतं. बिचाऱ्याचं क्रियापद तोंडातच राहिलं. नियमही त्यांनीच लिहिलेले. घरटी एक नंबर. तीनदा पुकारून बोलला नाही तर नंबर बाद. आणि सगळ्या नंबरांचं बोलून झाल्याशिवाय मतदान नाही.

आजचा ठराव सरळ होता. शाळा साडेआठऐवजी साडेसातला भरवायची. सुटायची वेळ तीच, एक तास अभ्यास जास्त. आज मंजूर झाला तर नव्या वर्षापासून लागू, नाहीतर गेला पुढच्या वर्षावर. पंधराजण बोलून बसले होते. चौदा बाजूने. पंधरावेही बाजूनेच होते, पण चौदाव्यांशी त्यांचं पटत नसल्यामुळे तसं म्हणवेना. दारात बॅडमिंटनवाले रॅकेटी घेऊन तिष्ठत उभे. बारानंतर हॉल त्यांचा, आणि बाराला दहा मिनिटं होती.

"सोळा नंबर, दुसऱ्यांदा."

तिसऱ्या रांगेत एक म्हातारी चुळबुळली. तिच्या खांद्यावर डोकं टाकून तिची सून गाढ झोपली होती. अंगात बस डेपोचा निळा कोट, पायांत गमबूट, बोटं पाण्यानं पांढरी पडून सुरकुतलेली. मांडीवर सोळा नंबरची चिठ्ठी.

"हीच ती, भाऊ," म्हातारी म्हणाली. "मघापर्यंत जागी होती हो. ते आठ नंबर बोलायला लागले आणि कलंडली."

हॉलमध्ये खसखस पिकली. आठ नंबर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. ते तेवढे हसले नाहीत.

"मग तुम्हीच बोला ना आजी," अध्यक्षबाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या.

"चिठ्ठी ज्याच्या नावावर, त्यानंच बोलायचं," चिटणीस म्हणाले.

"मला कुठं बोलायचंय?" म्हातारी म्हणाली, आणि बोलू लागली. "पोर शाळेतून यायच्या आत ही कचेऱ्या झाडायला बाहेर पडते. तिथून रात्रभर डेपोत बस धुते. सातला सुटते, साडेसातला घरी. आठला पोरीला घेऊन शाळेच्या वाटेला लागते. अर्धा तास चालत. मायलेकींचं दिवसभराचं बोलणं काय ते त्या वाटेवर. सुटीचा दिवस झोपेत जातो. मला सोबत नेत नाहीत, बरं का. म्हणतात, तुम्ही मध्ये मध्ये बोलता."

"आजी, हे नोंदीत येणार नाही."

"नका ना घेऊ. मी आपलं हिला सांगतेय." आणि तिनं खरोखरच शेजारच्या अनोळखी बाईकडे तोंड वळवलं. त्या बाईनं मघाशी ठरावाच्या बाजूनं टाळ्या वाजवल्या होत्या. आता तिला ते हात कुठं ठेवावेत कळेना.

"बाराला पाच कमी," कोपऱ्यातून एक सभासद म्हणाले.

म्हातारीनं सुनेच्या गालावर हलकेच थोपटलं. "अगं ए, ऊठ. आपला नंबर आला." थोपटणं असं, की जागं माणूसही झोपावं.

चिटणिसांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. "सोळा नंबर," ते म्हणाले. तिसरा पुकारा होता, पण शेजारी बसलेल्या अध्यक्षबाईंनाही तो जेमतेम ऐकू गेला.

सुनेचे ओठ हलले. डोळे मिटलेलेच.

"दप्तर दे इकडे," ती म्हणाली. हात मांडीवरून उठला आणि काहीतरी घेतल्यासारखा मिटला. चिठ्ठी खाली पडली. "मी घेते. हं, मग? मग काय म्हणाल्या तुझ्या बाई?" थोडा वेळ ती ऐकत राहिली. झोपेतच हसली. "सावकाश चाल गं. वेळ आहे अजून."

हात पुन्हा मांडीवर आला.

"झोपेत बोलल्या त्या," कोपऱ्यातले सभासद म्हणाले. "नंबर बाद धरा आणि घ्या मतदान."

"तिसऱ्या पुकाऱ्याला बोलल्या," चिटणीस म्हणाले. "जागेपणीच बोलावं असा नियम नाही. असता, तर आज निम्मे नंबर बाद झाले असते."

त्यांनी नोंदवही ओढली आणि सोळा क्रमांकापुढे ती म्हणाली ते शब्दन्‌शब्द लिहून काढलं. दप्तर, बाई, सावकाश, सगळं. मग वाळूचं घड्याळ उचललं. उलटं केलं नाही. टेबलावर आडवं ठेवलं.

"हे काय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"त्यांचा वेळ सुरू झाला."

"आणि संपणार कधी?"

"वाळू खाली गेली की."

अध्यक्षबाईंनी आडव्या काचेकडे पाहिलं, मग तिसऱ्या रांगेकडे. "म्हणजे आज मतदान नाही."

"नियमाप्रमाणे नाही."

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

बाराच्या ठोक्याला बॅडमिंटनवाले आत आले. बूट हातात घेऊन, चवड्यांवर चालत त्यांनी दोन खांबांना जाळी बांधली, आणि भिंतीला टेकून गुपचूप बसून राहिले.