आधी मी तपासणार

वाचनालयात बालविभाग माझ्याकडे आहे. म्हणजे पुस्तकांपेक्षा पालकच जास्त सांभाळावे लागतात.

त्या दिवशी एक आई तेरा वर्षांच्या लेकीला घेऊन आली. मी मुलीला चार उनाड पोरांची आणि एका भटक्या कुत्र्याची साहसकथा सुचवली, तर आईनं ती मधल्या मध्ये काढून घेतली. जणू मी पोरीच्या हातात विडीच देत होते.

"आधी मी तपासणार! हल्ली मुलांसाठी काय वाट्टेल ते लिहितात. कोवळं मन असतं हो, एखादी गोष्ट लावून घेतली म्हणजे?"

लेक छताकडे बघत राहिली.

पुढच्या आठवड्यात ती एकटीच पुस्तक परत करायला आली. पुस्तकावर चहाचे डाग होते.

"झालं का आईचं तपासून?" मी विचारलं.

"झालं ना! जेवतानासुद्धा तपासत होती. तिनं दुसरा भाग मागितलाय."

मी कपाळावर हात मारला आणि दुसरा भाग तिच्यापुढे ठेवला. पण तो पिशवीत टाकायचा सोडून पोरगी तिथंच बाकावर फतकल मारून बसली आणि शेवटची पानं वाचायला लागली.

"अगं, घरी ने की! आई वाट बघत असेल."



"थांबा हो काकू, आधी मी तपासते. पहिल्या भागात कुत्रा नुसता हरवला, तर आई दोन दिवस धड जेवली नाही. यात तो मेला-बिला तर? कोवळं मन आहे हो तिचं!"